हवेत थांबलेली उडी: मांगाचा सिनेमा करणं इतकं अवघड का?

माझा भाचा अकरावीत आहे. त्याच्या आवडत्या जपानी चित्रकथेवर खरे नट घेऊन सिनेमा निघणार अशी बातमी आली की त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री होता तसा होतो. २०२४ मध्ये ‘नारुतो’वरच्या हॉलिवूड चित्रपटाचा दिग्दर्शक जाहीर झाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “अरे, मजा आहे की तुझी!” त्यावर तो म्हणाला, “मामा, तुला नाही कळणार. वाट लावतात रे.”

खरंच कळत नव्हतं. गोष्ट तयार, पात्रं तयार, प्रत्येक प्रसंगाचं चित्रसुद्धा काढून ठेवलेलं. दिग्दर्शकाने कॅमेरा लावायचा आणि ‘अ‍ॅक्शन’ म्हणायचं, एवढंच काय ते बाकी असणार, असं मला वाटे. मग त्याच्याकडची पुस्तकं वाचली, काही सिनेमे पाहिले आणि लक्षात आलं की सगळी अडचण त्या काढून ठेवलेल्या चित्रांमध्येच आहे.

आधी चार शब्द

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ती रचणारा तो मांगाका. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मी पहिल्यांदा आपल्या सवयीने उघडलं आणि थेट शेवट वाचून बसलो. याच कथेचं हलत्या चित्रांत रूपांतर केलं की ते अ‍ॅनिमे. हाडामांसाचे नट घेऊन केलं की लाइव्ह-अ‍ॅक्शन. जपानीत त्याला जिश्शाका म्हणतात, म्हणजे ‘खऱ्या चित्रीकरणात आणणं’. तिकडच्या वाचकांतही हा शब्द बऱ्याचदा सुस्कारा टाकूनच उच्चारला जातो.

बहुतेक गाजलेले मांगा आधी साप्ताहिकांत किंवा मासिकांत येतात. १९६८ साली सुरू झालेलं ‘शोनेन जंप’ हे त्यातलं सगळ्यात मोठं साप्ताहिक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. त्यात एका कथेच्या वाट्याला आठवड्याला साधारण १९ पानं येतात. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर वाचक आवडत्या कथा कळवत आले आहेत आणि मागे पडणारी कथा लवकरच गुंडाळली जाते. त्यामुळे दर १९ पानांनी मांगाकाला वाचकाचा श्वास अडकवून ठेवावाच लागतो. अशी शेकडो प्रकरणं होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी एक गाठ मारलेली असते. ही गाठींची माळ सोडवून तिचा सव्वादोन तासांचा एकच दोर करायचा, हे पटकथाकाराचं पहिलं काम.

पानावर घड्याळ वाचकाच्या हातात असतं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तलवारबाजीच्या मांगामधलं एक नमुनेदार पान डोळ्यासमोर आणा. दोघं एकमेकांवर झेपावले आहेत, पाय जमिनीपासून वर. पहिल्या चौकटीत नायकाचे डोळे. दुसऱ्या चौकटीत त्याच्या मनातला विचार, चांगला पाच ओळींचा. तिसऱ्या चौकटीत बाजूला उभा असलेला मित्र, ‘हा डाव तो शेवटचाच वापरतो’ असं समजावून सांगणारा. चौथ्या चौकटीत खलनायकाच्या लहानपणीची आठवण. मग पान उलटा. दोन्ही पानं भरून एकच वार. हे सगळं घडायला प्रत्यक्षात अर्धा सेकंद लागला असेल, वाचायला मात्र अर्धं मिनिट लागलं आणि तेवढा वेळ ती दोघं हवेतच होती. वाचताना हे जरासुद्धा खटकत नाही, कारण पान कधी उलटायचं ते आपण ठरवतो.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. संगीत नाटकात नायिकेवर आभाळ कोसळलेलं असतं आणि ती दहा मिनिटं पद आळवते, वर ‘वन्स मोअर’ही घेते. तोवर बाकीची पात्रं खांबासारखी उभी. कोणी म्हणत नाही की अहो, हे खरं वाटत नाही. रंगमंचाशी प्रेक्षकाचा तसा करारच असतो. मांगाचाही वाचकाशी असाच करार आहे. सिनेमात हे घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात जातं आणि खऱ्या माणसाचं वजन खाली खेचत असतं. पडद्यावर माणूस अर्धा मिनिट हवेत राहून विचार करू लागला की थिएटरात पहिली शिट्टी वाजते.

आवाजाचंही तेच. मांगामध्ये आवाज चित्रासारखे रेखाटलेले असतात, जाड फटकाऱ्यांत. जपानीत शांततेलासुद्धा आवाज आहे: ‘शीन’. रिकाम्या खोलीच्या चित्रावर मांगाका ही अक्षरं लांबवून लिहितो. आपल्याकडे ‘शुकशुकाट’ हा शब्द कानाला थोडा तसाच लागतो. आता हा ‘शीन’ सिनेमात कसा आणायचा? आवाज बंद केला तर प्रेक्षकाला वाटणार स्पीकर गेला. मग घड्याळाची टिकटिक, लांबून कुत्र्याचं भुंकणं असं काहीतरी शोधावं लागतं. शांतता दाखवायला आवाज घालायचा.

ज्यांना हे जमलं त्यांनी काय केलं? ‘रुरोउनी केनशिन’ हा १९९४ ते १९९९ दरम्यान आलेला, २८ खंडांचा मांगा. जपानचा मेइजी काळ, १८७८ साल. केनशिन हा पूर्वीचा मारेकरी आता उलट्या धारेची तलवार घेऊन भटकतो. धार त्याच्या स्वतःच्या बाजूला, म्हणजे वार केला तरी समोरचा मरू नये. केइशी ओतोमो यांनी २०१२ मध्ये यावर पहिला चित्रपट केला. मांगामधला केनशिन प्रत्येक डावाचं लांबलचक नाव पुकारतो. चित्रपटात हे पुकारणं जवळजवळ गाळलं. हवेतली उडी जमिनीवर आणली. केंजी तानिगाकी या अ‍ॅक्शन दिग्दर्शकाने हाँगकाँगमध्ये अनेक वर्षं काम केलेलं होतं. त्याने ताकेरु सातो या नटाला वाकून धावायला लावलं, चिखलात घसरायला लावलं, भिंतीवर पाय रोवून वळायला लावलं. मांगात केनशिनचा वेग वाचकाला रेषांच्या झोतातून कळतो. इथे तो केनशिनच्या पायाखालून उडणाऱ्या मातीतून कळतो. एकही चौकट जशीच्या तशी उचललेली वाटत नाही आणि तरी हा केनशिनच आहे हे पटतं. या मालिकेचे पाच चित्रपट झाले, शेवटचे दोन २०२१ मध्ये.

केसांचं काय करायचं?

लोक सगळ्यात जास्त भांडतात ते केसांवरून. हिरवे, टोकदार, गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारे केस.

ते तसे का असतात ते आधी पाहू. पान काळंपांढरं, चौकट कधी कधी काडेपेटीएवढी आणि पात्रं पन्नास. नुसत्या बाह्यरेषेवरून कोण ते ओळखू यावं म्हणून केसांना आकार दिलेला असतो. आपला चिंटू आठवा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा हा पोरगा १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि त्याचे उभे केस पाहिले की नाव वाचायची गरजच पडेना. २०१२ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट आला, म्हणजे हाच प्रश्न आपल्या घरातही येऊन गेलेला आहे. कागदावर जी खूण असते ती खऱ्या डोक्यावर विग होते आणि विग दिसला की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वास येतो.

यावर तीन तोडगे निघालेले दिसतात. एक म्हणजे सौम्य करणं: केनशिनचे लालभडक केस पडद्यावर तांबूस झाले, गालावरचा फुलीसारखा व्रण मात्र ठेवला. दुसरा, उलट टोकाला जाणं: २०१९ च्या ‘अलिटा’मध्ये मांगासारखे मोठाले डोळे संगणकाने नटीच्या चेहऱ्यावर बसवले. काहींना ते पाहवले नाहीत. मला दहा मिनिटांत सवय झाली. तिसरा तोडगा स्वतःवरच हसण्याचा. ‘गिनतामा’ हा मांगा मुळातच टवाळ, त्यामुळे त्याच्या २०१७ च्या चित्रपटात विग विगासारखे दिसले तरी चाललं, उलट तोच विनोद झाला.

आणि ‘थेर्माए रोमाए’ची तर गंमतच. प्राचीन रोममधला हमामखान्यांचा वास्तुविशारद पाण्यात बुडतो आणि आजच्या जपानी स्नानगृहात वर येतो. २०१२ च्या चित्रपटात हा रोमन झाला हिरोशी आबे, अस्सल जपानी नट. ठसठशीत नाक-डोळ्यांचे जपानी नट निवडून रोमन केले आणि त्यांना रोममधल्या प्रसिद्ध चिनेचित्ता स्टुडिओच्या भव्य सेटवर उभं केलं. सगळे जपानीत बोलतात. प्रेक्षक पहिल्यांदा हसले आणि मग विसरून गेले.

बारा खंड, दोन चित्रपट

केस हा दिसणारा प्रश्न. लांबीचा प्रश्न दिसत नाही आणि घात तोच करतो. ‘यु यु हाकुशो’चे १९ खंड २०२३ मध्ये पाच भागांच्या मालिकेत बसवले. मारामाऱ्या झकास, पण मैत्री जुळायला जेवढी पानं लागली होती तेवढी मिनिटंच उरली नाहीत. पोळी लाटायला वेळ लागतो, तव्यावर घाई करून काय उपयोग?

‘डेथ नोट’चं उदाहरण मला यात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. ज्याचं नाव लिहावं तो मरतो अशी वही एका हुशार विद्यार्थ्याला, लाइटला सापडते. त्याच्या मागावर ‘एल’ नावाचा विक्षिप्त गुप्तहेर. मांगा १२ खंडांचा आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसून विचार करताहेत. शुसुके कानेको यांनी २००६ मध्ये दोन चित्रपटांत तो संपवला. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

मांगामध्ये एल मध्येच मरतो आणि दोन नवे वारसदार येऊन गोष्ट पुढे नेतात. चित्रपटाने तो जवळजवळ अर्धा भाग कापला. इथे एल त्या वहीत आधीच स्वतःचं नाव लिहून ठेवतो, २३ दिवसांनी येणाऱ्या मृत्यूसह. एकदा लिहिलेलं मरण बदलत नाही, त्यामुळे लाइट आता त्याला मारूच शकत नाही. हे मांगात कुठेच नाही, पण त्या वहीच्या नियमांतूनच निघालेलं आहे. पाहुण्याने आपल्या घरातल्याच डब्यांतून वेगळा पदार्थ करून दाखवावा तसं. केनइची मात्सुयामाने एलचं खुर्चीवर उकिडवं बसणं आणि वस्तू दोन बोटांच्या चिमटीत धरणं जसंच्या तसं उचललं. कथा बदलली, पण बसण्याची पद्धत तशीच राहिली. चाहत्यांनी हे स्वीकारलं.

“अ‍ॅनिमे आहे की, मग हा खटाटोप कशाला?”

हा आक्षेप भाच्याचा, आणि रास्त आहे. उडी हवेत थांबवणं अ‍ॅनिमेला सहज जमतं. मग?

पैसा. जपानमध्ये असे चित्रपट बहुतेक वेळा ‘निर्मिती समिती’ काढते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, वितरक, जाहिरात कंपनी, कधी नटाची एजन्सी असे सगळे थोडेथोडे पैसे घालतात. पडला तर कोणा एकाचं दिवाळं निघत नाही आणि चालला तर प्रत्येक जण आपापल्या बाजूने कमावतो. प्रकाशकाची पुस्तकं पुन्हा खपतात, वाहिनीला दाखवायला सिनेमा मिळतो. अ‍ॅनिमेच्या वाटेला न जाणारा प्रेक्षकही आवडत्या नटासाठी तिकीट काढतो. लाखो वाचकांनी आधीच पास केलेली गोष्ट घेतली की समितीला रात्री झोप लागते.

पाच भावांनी मिळून घर बांधलं की काय होतं ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येकाला खिडकी आपल्या बाजूला हवी. लोकप्रिय गायकाला भूमिका हवी, मूळ कथेत नसलेलं प्रेमप्रकरण हवं, सुट्ट्यांच्या आधी प्रदर्शन हवं.

“हॉलिवूडकडे तर एकहाती पैसा आहे!”

आहे. पण ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ (२००९) पाहा. नव्हे, पाहू नका. डोंगरात वाढलेला, शेपटी असलेला भोळा पोरगा गोकू तिथे अमेरिकन शाळेतला दबलेला विद्यार्थी झाला. पुढे २०१६ मध्ये पटकथाकाराने चाहत्यांची जाहीर माफी मागितली. नेटफ्लिक्सच्या २०१७ च्या ‘डेथ नोट’मध्ये कथा सिॲटलला नेली. त्याच वर्षीच्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये जपानी नायिकेच्या भूमिकेत गोऱ्या स्कार्लेट जोहान्सनला घेतल्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. गंमत म्हणजे याच मांगावर गाजलेला अ‍ॅनिमे करणारे मामोरु ओशी यांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

म्हणून ‘परदेशी हात लागला की बिघडतं’ असा निष्कर्ष काढावासा वाटतो. तो टिकत नाही. पार्क चान-वूक यांचा ‘ओल्डबॉय’ (२००३) हा कोरियन चित्रपट जपानी मांगावरच आहे. माणसाला वर्षानुवर्षं का कोंडून ठेवलं, याचं मांगामधलं कारणच त्यांनी बदललं आणि कितीतरी भयंकर कारण आणलं. २००४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. पुढे त्याच कथेची सावली घेऊन हिंदीत ‘जिंदा’ आला, पण तो विषय वेगळा आहे.

फरक कुठे पडला? गोकूची शाळा ही ‘आपल्या प्रेक्षकाला ओळखीचं वाटावं’ म्हणून आली. ‘ओल्डबॉय’मधला बदल गोष्टीच्या पोटातून आला.

बदल करायचा हक्क कोणाचा?

इथून पुढचं थोडं जड आहे.

‘थेर्माए रोमाए’ने तिकीटबारीवर जवळपास ६०० कोटी येन मिळवले. मूळ मांगाका मारी यामाझाकी यांनी २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं की कथेच्या वापराचे त्यांना सुमारे १० लाख येन मिळाले. तेव्हाच्या दराने सहा-सात लाख रुपये. आकडा ऐकून जपानमध्ये खळबळ उडाली. रक्कम ठरवताना लेखिकेला विचारलं गेलं नव्हतं. वाटाघाटी सहसा प्रकाशकच करतो आणि तो बऱ्याचदा समितीतही बसलेला असतो. म्हणजे मुलीकडचा मध्यस्थ मुलाकडच्या पंगतीतही जेवतोय.

पैशापेक्षा खोल गोष्ट कथेची. हिनाको आशिहारा यांच्या ‘सेक्सी तानाका-सान’वर २०२३ च्या शरदात निप्पॉन टीव्हीवर मालिका आली. चित्रपट नव्हे, पण प्रश्न तोच. मांगा अजून पूर्ण व्हायचा होता. मालिका मांगाला धरून असेल, अशी आपली अट होती, असं आशिहारांनी पुढे लिहिलं. पटकथा वारंवार बदलून येत राहिल्या आणि शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. त्यावरून समाजमाध्यमांवर वाद पेटला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडली आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. वाहिनी आणि प्रकाशक या दोघांनी चौकशी करून वेगवेगळे अहवाल काढले. ‘अट’ म्हणून जे सांगितलं गेलं ते समोर अट म्हणूनच पोचलं होतं का, यावर दोन्हींचं जुळलं नाही. लेखिका आणि पटकथाकार यांच्यामध्ये संपादक होते, निर्माते होते. त्या दोघी थेट बोललेल्याच नव्हत्या.

जपानी कॉपीराइट कायद्याच्या कलम २० नुसार, लेखकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या कृतीत बदल करता येत नाही. हा हक्क विकताही येत नाही. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ जवळपास त्याच अर्थाचं आहे. ‘आप का बंटी’ या आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटावरून हिंदी लेखिका मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, तो १९८६ चा निकाल याच कलमाबद्दलचा. कागदावर हक्क भक्कम आहे. पण साप्ताहिकाची १९ पानं रात्र जागून पूर्ण करणारा मांगाका वकील गाठणार कधी, आणि आपलीच पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकाला नाही म्हणणार कसं?

“मग सगळं लेखकालाच ठरवू द्या”

हे उत्तर मला सरळ वाटलं होतं. ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’च्या २०१५ च्या चित्रपटांनी गोंधळात टाकलं. त्यात पात्रं बदलली, लाडका लेव्हाय गायब झाला आणि चाहते चवताळले. पण पटकथाकारांपैकी एकाने सांगितलंय की बदल करा असा आग्रह खुद्द मांगाका हाजिमे इसायामा यांचाच होता. लेखकाला आपल्या कथेशी इमान राखायचंच असतं असं आपण गृहीत धरतो. त्याला कंटाळाही आलेला असू शकतो.

दुसऱ्या टोकाला ‘वन पीस’. एइइचिरो ओदा १९९७ पासून ही कथा काढताहेत, शंभरावर खंड झाले. नेटफ्लिक्सची मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये आली. माझं समाधान होईपर्यंत ती प्रदर्शित करणार नाही असं ठरलंय, असं ओदांनी आधीच जाहीर पत्रात लिहिलं होतं. मालिकेचा पहिला सीझन आठ भागांचा, त्यामुळे धापा टाकाव्या लागल्या नाहीत. जहाजं केप टाउनजवळ खरीखुरी बांधली. मागे एका वाचकाने विचारलं होतं की ही पात्रं खऱ्या जगात कुठल्या देशांची असती? तेव्हा ओदांनी झोरो या तलवारबाजासाठी जपान सांगितलं होतं. मालिकेत झोरो झाला माकेनयू, जो ‘केनशिन’च्या २०२१ च्या चित्रपटात खलनायक होता. चिखलात घसरण्याची ती शाळा त्याने आधीच केलेली.

आता झोरो तीन तलवारींनी लढतो. दोन हातांत आणि तिसरी दातांत. मांगात तो ती तलवार दातांत धरूनच लांबलचक संवाद म्हणतो. शब्द फुग्यात असतात, तोंड मोकळं असायची गरज नसते.

“खरा माणूस कसा बोलेल रे?” मी भाच्याला विचारलं.

तो स्वयंपाकघरात गेला, लाटणं आडवं दातांत धरून आला, दोन हातांत दोन पट्ट्या घेतल्या, पाय फाकवून उभा राहिला आणि झोरोची प्रतिज्ञा म्हणू लागला. मला एक शब्द कळला नाही. लाळ मात्र हनुवटीपर्यंत आली. आतून ताई ओरडली, “लाटणं कोणी नेलं?” त्याने उत्तर दिलं, तेही तिला कळलं नाही.